‘विदाऊट वॉर्निंग’ (१९८०) : सारखं दिसलं म्हणजे प्रभाव नव्हे



पेट झाली, सिनॉप्सिस लिहायला घेतलाय आणि शीर्षकात कुठेतरी ‘प्रभाव’ हा शब्द आहे, अशा अवस्थेत तुमच्यापैकी बरेच जण असतील. आज त्या शब्दाविषयी बोलू, एका स्वस्तातल्या भयपटाच्या निमित्ताने.

ग्रेडन क्लार्क दिग्दर्शित ‘विदाऊट वॉर्निंग’ हा १९८० चा अमेरिकन चित्रपट. खर्च सुमारे दीड लाख डॉलर सांगितला जातो, म्हणजे हॉलिवूडच्या हिशोबात चहापाण्याचे पैसे. तळ्याकाठी सहलीला आलेली चार तरुण मुलंमुली आणि त्याच रानात उतरलेला एक परग्रहवासी शिकारी, एवढीच गोष्ट. तो चपट्या, जिवंत चकत्या फेकून मारतो. त्या अंगाला चिकटतात आणि मांसात घुसतात. मेलेली माणसं तो एका शेडमध्ये साठवतो.

सात वर्षांनी, १९८७ मध्ये, ‘प्रेडेटर’ आला. तिथेही रान आणि माणसांची शिकार करणारा परग्रहवासी. गंमत म्हणजे दोन्हीकडे परग्रहवासी झालेला नट एकच : सात फुटांहून उंच केविन पीटर हॉल. मी माझ्या कच्च्या प्रकरणात बिनधास्त लिहून टाकलं : ‘प्रेडेटर’वर या चित्रपटाचा थेट प्रभाव आहे. गाईड मॅडमनी समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले : ‘म्हणजे कसा?’

मी उत्तर शोधायला बसलो आणि माझा सगळ्यात भक्कम पुरावा आधी कोसळला. ‘प्रेडेटर’चं चित्रीकरण सुरू झालं तेव्हा त्या पोशाखात हॉल नव्हताच, जाँ-क्लोद व्हॅन डॅम होता. तो बाहेर पडला, स्टॅन विन्स्टनने प्राण्याचं रूप नव्याने घडवलं आणि मग हॉल आला. म्हणजे कथा आधी ठरली होती, नट मागून आला. एकच नट असण्यावरून फार तर इतकंच कळतं की उंच राक्षस हवा असला की हॉलिवूडला हॉल आठवायचा.

मग दुसरी शक्यता तपासली. दोन गोष्टी सारख्या दिसतात तेव्हा एकीने दुसरीकडून घेतलं असेल, हा फक्त एक पर्याय असतो. दोघींचा पूर्वज एक असू शकतो. माणसानेच माणसाची शिकार करण्याची कल्पना रिचर्ड कॉनेलच्या ‘द मोस्ट डेंजरस गेम’ या १९२४ च्या कथेत आहे, आणि १९३२ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. शिवाय निव्वळ योगायोग हा तिसरा पर्याय उरतोच. प्रभाव म्हणायचा तर पटकथेचे जुने खर्डे, मुलाखती, पत्रव्यवहार असं काहीतरी हातात हवं. माझ्या हातात फक्त साम्य होतं. मी ते वाक्य खोडलं.

वाक्य खोडल्यावर चित्रपट पुन्हा पाहिला, आणि खरं सांगतो, पहिल्यांदा नीट पाहिला. तोवर मी त्यात ‘प्रेडेटर’च शोधत होतो. सुरुवातीलाच एक बाप आपल्या मुलाला शिकारीला घेऊन आलाय, मुलाची इच्छा नसताना. पुढे जॅक पॅलन्सचा टेलर भेटतो. तोही शिकारीच, आणि त्याला हा परग्रहवासी ट्रॉफी म्हणून हवाय. म्हणजे परग्रहवासी इथे काही वेगळं करत नाही. तिथली माणसं रानात जे करतात तेच तो माणसांशी करतो. हे चित्रपट कुठेही बोलून दाखवत नाही, आणि तेच बरं आहे.

पैसे नव्हते त्याचा उपयोगही नीट झालाय. कॅमेरा डीन कंडीचा, ‘हॅलोविन’ (१९७८) ज्याने चित्रित केला तोच. परग्रहवासी बराच वेळ दिसतच नाही, पुढेही तो बहुतेक अंधारातच राहतो. पोशाखाची गरिबी लपते आणि भीती वाढते. दोषही आहेत. मधला भाग रेंगाळतो, तरुण पात्रं कागदी आहेत.

पण मार्टिन लँडाऊचा सार्ज विसरता येत नाही. हा डोकं फिरलेला माजी सैनिक. परग्रहवासी आलेत असं तो सांगतो, आणि ते खरंच आलेले असतात! पण मग तो जीव वाचवून आलेल्या पोरांनाच परग्रहवासी समजून त्यांच्यावर उलटतो. त्याचं गृहीतक बरोबर आहे, तपासण्याची पद्धत मात्र नाही. निष्कर्ष आधीच ठरलेला असल्यामुळे समोर येईल तो त्याला पुरावाच वाटतो.

ते प्रकरण लिहिताना मी सार्जच होतो. उद्या कुणाला ‘प्रेडेटर’च्या लेखकांची मुलाखत सापडेल आणि माझा अंदाज खराही ठरेल. तरी त्या दिवशी मी लिहिलेलं वाक्य चूकच होतं, कारण ते लिहायला माझ्याकडे आधार नव्हता.

तेव्हा आज एक काम करा. आपला सिनॉप्सिस उघडा, जिथे जिथे ‘प्रभाव’ लिहिलंय तिथे समासात पेन्सिलीने लिहा : ‘म्हणजे कसा?’ उत्तर नसेल तर तूर्तास ‘साम्य’ लिहा. व्हायवाला या एका शब्दाने बराच घाम वाचेल.