बोलींच्या क्षेत्रकार्यातील स्थाननोंद : एक परामर्श

बोलींच्या क्षेत्रकार्यात स्मार्टफोन व टॅब्लेट यांचा प्रवेश होऊन दशकाहून अधिक काळ लोटला आहे. ध्वनिमुद्रण, प्रश्नावली आणि जीपीएसने मिळणारे अक्षांश-रेखांश ही तिन्ही कामे एकाच यंत्रावर होऊ लागल्याने संशोधकाच्या पाठीवरचे ओझे उतरले, हे उघड आहे. परंतु साधन जितके सुलभ, तितकी त्याच्या फलिताची चिकित्सा कमी, असा अनुभव शास्त्रांच्या इतिहासात वारंवार येतो. या साधनाने बोलीविज्ञानाला नेमके काय दिले व कोणता भ्रम निर्माण केला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम लाभाची बाजू. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील नमुने जिल्हावार आहेत. नमुना जिल्ह्याच्या कोणत्या कोपऱ्यातला, हे वाचकाला बहुधा कळत नाही. याउलट फ्रान्सच्या भाषानकाशासाठी एदमों याने १८९७ ते १९०१ या काळात ६३९ ठिकाणी स्वतः फिरून सामग्री गोळा केली. प्रत्येक ठिकाणाला क्रमांक असल्यामुळे त्या सामग्रीची फेरतपासणी शक्य झाली. महाराष्ट्रात वडगाव, पिंपळगाव अशा नावांची गावे अनेक. शिवाय वाड्या, पाडे, तांडे यांची नावे नकाशावर असतातच असे नाही. अशा ठिकाणी अक्षांश-रेखांशाची नोंद ही निश्चित ओळख ठरते. पुढच्या पिढीतील अभ्यासकाला त्याच पाड्यावर पुन्हा जाता येते. हा लाभ सामान्य नव्हे.

आता आकड्यांकडे वळू. १ मे २००० च्या मध्यरात्री अमेरिकेने उपग्रहसंकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, तेव्हापासून साध्या ग्राहकयंत्रालाही उपयुक्त अचूकता लाभली. मोकळ्या आकाशाखाली आजच्या फोनची चूक साधारण ५ मीटरांच्या आत राहते. परंतु मुलाखत मोकळ्या आकाशाखाली होत नाही. ती पडवीत, माजघरात, दाट झाडीत किंवा सह्याद्रीच्या घळीत होते. उपग्रह दिसेनासे झाले की फोन मोबाइल मनोऱ्यांवरून अंदाज बांधतो, आणि विरळ मनोऱ्यांच्या प्रदेशात हा अंदाज किलोमीटरने चुकू शकतो. सिमकार्डाची सोय नसलेल्या आयपॅडमध्ये तर जीपीएस नसतेच. तरीही पडद्यावर दशांशचिन्हापुढे सहा-सात अंक उमटतात. अक्षांशाच्या एका अंशाचे अंतर सुमारे १११ किलोमीटर. त्यामुळे सहावा अंक म्हणजे जेमतेम ११ सेंटिमीटर. ज्या मोजणीत ५ मीटरांची चूक गृहीत आहे, तिच्यात हा अंक ज्ञान नव्हे, केवळ अलंकार होय.

ओडीके व त्यावर आधारलेल्या कोबो टूलबॉक्स यांसारख्या प्रणाली प्रत्येक स्थानाबरोबर चार संख्या नोंदवितात : अक्षांश, रेखांश, उंची आणि अचूकतेची मर्यादा. नकाशा सिद्ध करताना यांतली चौथी संख्या सर्रास गाळली जाते. वास्तविक उरलेल्या तिन्हींचे मोल तीच ठरविते. उंचीच्या आकड्याबाबतही सावधगिरी हवी. अँड्रॉइड फोन मूलतः जी उंची देतो ती समुद्रसपाटीपासूनची नसून पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते. त्यामुळे कोकणच्या किनाऱ्यावरील घर समुद्राखाली साठ मीटरांहून अधिक खोल असल्याची नोंद होऊ शकते. तद्वत् जुने भारतीय नकाशे एव्हरेस्टच्या मापावर व जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या मापावर आधारलेले असल्याने, रूपांतर न करता दोन्ही एकत्र मांडल्यास पश्चिम महाराष्ट्रात स्थान सुमारे शंभर मीटर सरकते.

या तांत्रिक त्रुटी दुरुस्त होण्याजोग्या आहेत. खरा प्रश्न सैद्धांतिक आहे. यंत्र सांगते ते फोनचे स्थान. बोलीचे स्थान नव्हे. वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. समजा, सीमेवरील एका घरात सासू ‘डोळा’ म्हणते व पलीकडच्या गावाहून आलेली सून ‘डोया’ म्हणते. दोघींचे अक्षांश-रेखांश एकच. यंत्राची चूक शून्यावर आणली तरी हा भेद नकाशावर उमटणार नाही. डॉ. घाटगे यांच्या १९६३ पासूनच्या मराठी बोलीसर्वेक्षणातील ग्रंथांची नावेच पाहावीत : कुठे दक्षिण कानड्याची कोकणी, कुठे ठाण्याची वारली. बोलीला प्रदेश असतो, तसा समाजही असतो. बिंदूला समाज नसतो.

विस्थापितांच्या बाबतीत ही विसंगती अधिकच तीव्र होते. १९६० च्या दशकात कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली सातारा जिल्ह्यातील अनेक गावे गेली आणि तेथील कुटुंबे रायगड, ठाणे, सोलापूर अशा दूरच्या जिल्ह्यांत वसविली गेली. त्या वसाहतीतील वृद्धेची बोली तिच्या आजच्या घराच्या बिंदूवर मांडली, तर कोयनाखोऱ्याची बोली भलत्याच प्रदेशात उगवलेली दिसेल. मूळ गावाच्या बिंदूवर मांडली, तर तो बिंदू पाण्यात पडेल. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. त्यांपैकी एकीचीच निवड करणे हे मात्र असत्य होय.

शेवटी निवेदकाच्या हिताचा प्रश्न. आवाज, वय, जात आणि घराचे नेमके स्थान एकत्र प्रसिद्ध केले की नाव गाळूनही निवेदक लपत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांच्या वस्तीची व हालचालीची नोंद पोलीसदप्तरी ठेवली जाई, त्या समाजांवरील तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पारधी वस्तीत जाऊन झोपडीझोपडीचा बिंदू टिपणाऱ्या संशोधकाने आपल्या हातातील यंत्र समोरच्या माणसाला कशाची आठवण करून देईल, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

तेव्हा सुचवावयाचे ते इतकेच. मुलाखतीचे स्थान, बोली जेथे आत्मसात झाली ते स्थान आणि कुटुंबाचे मूळ गाव यांचे रकाने स्वतंत्र असावेत. यांपैकी पहिलाच यंत्राने भरावा, उरलेले दोन निवेदकाला विचारून भरावेत. अचूकतेची मर्यादा कधीही गाळू नये. मूळ नोंद सुरक्षित ठेवून प्रसिद्धीसाठी दशांशचिन्हापुढे दोनच अंक द्यावेत. किलोमीटरभराची ती मोघम जागा बोलीच्या नकाशाला पुरेशी आहे, आणि विरळ वस्तीत तीही घर उघडे पाडत असेल तर गावाच्या नावावर थांबावे. निवेदक कोठे बसला होता, हे यंत्र सांगेल. तो कोठला, हे त्यालाच विचारावे लागेल.