प्रेक्षकाचे आत्मवृत्त

खेळाडूंची चरित्रे उदंड. प्रेक्षकाचे आत्मवृत्त विरळा. म्हणूनच निक हॉर्नबी यांचे ‘फीव्हर पिच’ (१९९२) आम्ही उत्सुकतेने हाती घेतले. लंडनच्या आर्सेनल या फुटबॉल-संघाच्या या भक्ताने १९६८ पासूनचे आपले आयुष्य सामन्यांच्या तारखांवर बेतले आहे. आईवडिलांची ताटातूट, प्रेमभंग, नैराश्य, सारे त्या आडोशाने येते. २६ मे १९८९ रोजी अजिंक्यपदासाठी आर्सेनलला लिव्हरपूलच्या मैदानावर दोन गोलांनी जिंकणे भाग होते. दुसरा गोल सामना सरता सरता झाला. तेथे लेखणी बेभान होते, आणि ते शोभते!

टॉम वुल्फ यांचा मोटार-शर्यतपटू ज्युनिअर जॉन्सन यांच्यावरील लेख (१९६५) भाषेने अधिक झगमगीत. परंतु तेथे लेखक पाहुणा आहे. खरी तुलना फ्रेडरिक एक्स्ली यांच्या ‘अ फॅन्स नोट्स’शी (१९६८). आपल्याच विद्यापीठातील फ्रँक गिफर्ड अमेरिकन फुटबॉलचे नायक झाले आणि आपण प्रेक्षकांतच राहिलो, हे शल्य एक्स्ली उघडे करतात. हॉर्नबी त्या शल्यापाशी पोहोचतात खरे, पण बहुधा विनोद करून सुटतात. ही सुटका आम्हांस खटकली. हिल्सबरोच्या दुर्घटनेवरील (१९८९) पानांत मात्र ते हसू मावळते.