विधिभाषेतील ‘महारोगी’ : नाम, विशेषण आणि कर्ता

अपंग व्यक्तींस न्यायालयाचे दार समान रीतीने खुले असावे, हा विचार 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात शब्दबद्ध झाला आहे. त्यावरील मराठी चर्चेचा भर मात्र बहुधा नामांतरावर असतो : ‘अपंगा’च्या जागी ‘दिव्यांग’, ‘महारोग्या’च्या जागी ‘कुष्ठरोगी’. जणू नाम पालटले की अन्याय सरला! प्रस्तुत लेखकास ही भूमिका उथळ वाटते, आणि वर्धा जिल्ह्याचा इतिहासही तिला अनुकूल नाही.

मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये वर्ध्यानजीक दत्तपूर येथे उभारलेल्या संस्थेच्या नावातच ‘महारोगी’ हा शब्द आहे. जन्माने हिंगणघाटचे, काही काळ वकिली केलेले बाबा आमटे यांनी 1949 मध्ये वरोऱ्यास समिती स्थापिली, तिनेही तोच शब्द पत्करला. दोन्ही ठिकाणी त्याच्या शेजारी ‘सेवा’ हे पद आहे, आणि त्यामुळे त्यास हीनत्व आलेले नाही. उलट 1898 चा कुष्ठरोगीविषयक कायदा पाहावा. अधिसूचित क्षेत्रात जो इसम पोलिसास निर्धन कुष्ठरोगी ‘दिसेल’, त्यास वॉरंटावाचून अटक करण्याची मुभा त्यात होती. वैद्यकीय तपासणी त्यानंतरची. सारा घात त्या ‘दिसेल’मध्ये आहे. तेथे कितीही सोज्ज्वळ नाम योजले असते तरी अटक टळली नसती. हा कायदा केंद्राने रद्द केला तो 2016 मध्ये.

विशेषणाची कथा अधिक उद्बोधक आहे. 1955 च्या हिंदू विवाह अधिनियमात ‘तीव्र व असाध्य’ कुष्ठ हे घटस्फोटाचे कारण होते. ‘असाध्य’ हा शब्द विधीने वैद्यकाकडून उसना घेतला. पण वैद्यकाने तो टाकला तेव्हा विधीने टाकला नाही. 1951 मध्ये वर्ध्यास स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने सर्वेक्षण, शिक्षण व उपचार ही पद्धती रुजविली. बहुविध औषधयोजना देशात ज्या जिल्ह्यांत प्रथम आली, त्यांतही वर्धा होता. रोग साध्य झाल्यावर सुमारे साडेतीन दशके, म्हणजे 2019 मध्ये पाच वैयक्तिक कायद्यांतून हे कारण वगळले जाईपर्यंत, पतिपत्नींच्या दाव्यात ‘असाध्य’ हा शब्द उभा करता येत होता.

नव्या अधिनियमातील ‘कुष्ठरोगमुक्त’ ही संज्ञा सभ्य आहे खरी. परंतु तिची रचना भूतकालवाचक आहे. ज्याचा उपचार अद्याप चालू आहे आणि बोटांची संवेदना गेली आहे, तो या नावाखाली येत नाही.

कलम 12 भाषाभ्यासकाने अवश्य वाचावे. अपंग व्यक्तीची साक्ष तिला पसंत असलेल्या भाषेत व संपर्कमाध्यमात नोंदविण्यासाठी साधने पुरवावीत, असे ते सांगते. ही तरतूद मोलाची आहे. पण वाक्यांची घडण तपासली असता कर्तृस्थानी कोठे समुचित शासन, कोठे विधी सेवा प्राधिकरण आढळते; साक्ष प्रत्यक्ष लिहून घेणारे न्यायालय एकाही आज्ञार्थक क्रियापदाचा कर्ता नाही.