चेटकीण आणि शिकारी : अद्भुतरम्य कादंबरीतील शत्रुत्व व प्रेम

प्रस्तावना :

परस्परांचा तिरस्कार करणारे स्त्री-पुरुष अखेरीस परस्परांच्या प्रेमात पडतात, हे कथासूत्र इंग्रजी वाङ्मयात नवे नाही. शेक्सपिअरच्या 'मच अडो अबाउट नथिंग'मधील बिआट्रिस व बेनेडिक, तसेच जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) मधील एलिझाबेथ व डार्सी ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे होत. तेथील शत्रुत्व अहंकार, गैरसमज व वाक्कलह यांपुरते मर्यादित आहे. एकविसाव्या शतकातील अद्भुतरम्य कादंबरीने मात्र नायिकेला चेटकीण आणि नायकाला चेटकिणींचा शिकारी केले. त्यामुळे प्रेमिकांच्या मध्ये केवळ गैरसमज न राहता प्रत्यक्ष चिता उभी राहिली. ली बार्डुगो यांच्या 'सिक्स ऑफ क्रोज' (२०१५) व 'क्रूकेड किंगडम' (२०१६) आणि शेल्बी महुरिन यांची 'सर्पंट अँड डव्ह' (२०१९) या कादंबऱ्यांच्या आधारे या बदलाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

इतिहास आणि कल्पित :

या कथानकांमागे एक खरा इतिहास आहे. हाइनरिख क्रामर याचा 'मॅलियस मॅलेफिकारम' हा ग्रंथ १४८६ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. पंधरावे ते अठरावे शतक या काळात युरोपात चेटकाच्या आरोपावरून सुमारे ४० ते ६० हजार व्यक्तींना मृत्युदंड दिला गेला, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती. अमेरिकेतील सेलम येथे १६९२ मध्ये १९ जणांना फाशी देण्यात आले. या बळींपाशी कोणतीही अलौकिक शक्ती नव्हती. आरोप निराधार होता आणि तेच त्या अन्यायाचे मर्म होय.

अद्भुतरम्य कादंबरीत चेटूक खरे असते. म्हणजेच आरोप करणाऱ्याचे पहिले गृहीतक लेखिका मान्य करूनच कथेला प्रारंभ करते. शिकाऱ्याच्या भीतीला येथे काही आधार मिळतो. ऐतिहासिक चेटकिणीचा बचाव 'ती निर्दोष होती' एवढ्यावर उभा राहतो. कल्पित चेटकिणीच्या बाबतीत 'ती समर्थ आहे, तरीही तिला जगण्याचा अधिकार आहे' हे सिद्ध करावे लागते. ही जबाबदारी कथानकात प्रेमाकडे सोपविली जाते. ती कशी पार पाडली जाते, यावर कादंबरीचे मूल्य अवलंबून असते.

रक्ताने सुटलेला प्रश्न :

'सर्पंट अँड डव्ह'मधील लू ही चेटकिणींच्या समूहातून पळून आलेली तरुणी आहे. रीड हा धर्मसंस्थेच्या आश्रयाखालील 'शासूर' या शिकारी पथकातील अधिकारी आहे. लोकापवाद टाळण्यासाठी आर्चबिशप त्या दोघांचा विवाह लावून देतो. पत्नी चेटकीण आहे हे रीडला ठाऊक नसते. एका खोलीत राहणाऱ्या या दाम्पत्याचे खटके, थट्टा आणि हळूहळू वाढणारी ओढ महुरिन यांनी जिवंतपणे रंगविली आहे. लूची स्वतःची आईच सूडापायी तिचा बळी द्यावयास निघालेली असल्याने हिंसा केवळ एका पक्षाची राहत नाही, हेही उल्लेखनीय आहे.

तथापि, उत्तरार्धात रीडची जन्मदात्री चेटकीण असल्याचे आणि त्याच्या ठायीही जादू असल्याचे उघड होते. आर्चबिशप हाच लूचा पिता ठरतो. या रहस्यभेदाने कथानकाला वेग येतो. परंतु नैतिक प्रश्न सैल होतो. जो स्वतःच 'त्यांच्यातला' निघाला, त्याने 'त्यांचा' स्वीकार करणे फारसे कठीण उरत नाही. परक्याला परका म्हणूनच स्वीकारण्याची कसोटी येथे जन्मरहस्याने टाळली आहे.

बदलाची किंमत :

बार्डुगो यांची नीना ही ग्रीशा आहे. माणसाच्या हृदयाचे ठोके थांबविण्याचे सामर्थ्य तिच्यात आहे. ग्रीशा आपल्या विद्येला विज्ञान मानतात. फ्येर्डाचे लोक तिला चेटूक म्हणतात. मथायस हा फ्येर्डाच्या 'द्रुस्केल' या शिकारी पथकातील तरुण. नीनाला बंदी करून नेणारे त्यांचे जहाज बुडते आणि हिमप्रदेशात जगण्यासाठी दोघांना परस्परांचा आधार घ्यावा लागतो. पुढे नीना त्याच्यावर गुलामांच्या व्यापाराचा खोटा आरोप करते. आपल्या लोकांच्या हातून त्याचा जीव वाचावा, हा तिचा हेतू. पण त्यापायी त्याला तुरुंगवास घडतो. मथायसच्या द्वेषालाही कारण आहे: त्याचे कुटुंब ग्रीशांच्या आगीत मेले.

येथे कोणतेही जन्मरहस्य मदतीस येत नाही. लहानपणापासून अंगी बाणलेली शिकवण मथायसला स्वतःच्या मनातून एकेक करून उपटावी लागते. प्रेम जुळल्यानंतरही संस्था बदलत नाही. 'क्रूकेड किंगडम'च्या शेवटी एका कोवळ्या वयाच्या द्रुस्केलच्या हातून मथायस मारला जातो. त्या मुलात त्याला आपलेच पूर्वरूप भेटते. एका व्यक्तीचे परिवर्तन आणि व्यवस्थेचे परिवर्तन या भिन्न गोष्टी आहेत, हे बार्डुगो यांनी या मृत्यूतून दाखविले आहे. मात्र शिकाऱ्याच्या हौतात्म्याने त्याच्या पूर्वीच्या बळींचे दुःख झाकोळते, हा आक्षेप या शेवटावर घेता येतो.

समारोप :

'चेटकीण' हा शब्द मराठी वाचकाच्या दृष्टीने केवळ परीकथेतील नाही. सातपुड्याच्या परिसरात 'डाकीण' ठरवून स्त्रियांचा छळ झाल्याच्या घटना घडल्या आहेत आणि महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. म्हणून या कादंबऱ्या केवळ मनोरंजन म्हणून बाजूला सारता येत नाहीत. वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात :

१) चेटकीण-शिकारी या जोडीतील शत्रुत्व समान पातळीवरचे नसते, चेटकिणीच्या हाती शक्ती असली तरी कायदा आणि चिता शिकाऱ्याच्या पाठीशी असतात.

२) जन्मरहस्याच्या आधारे मिटविलेले वैर वाचकाला सुखावते, परंतु पूर्वग्रहाला धक्का देत नाही.

३) ज्या कथेत शिकारी आपली शिकवण त्यागतो आणि त्याची किंमतही मोजतो, तेथेच या कथासूत्राला वाङ्मयीन गांभीर्य प्राप्त होते.