'इनसाइड आऊट' चित्रपटमालेतील भावनांची चेतनगुणोक्ती आणि मराठी भावपरंपरा : एक तौलनिक विचार

प्रस्तावना

निर्जीव वा अमूर्त वस्तूला सजीवाचे गुणधर्म देणे म्हणजे चेतनगुणोक्ती, ही व्याख्या मराठी विद्यार्थ्याला शालेय व्याकरणापासून परिचित असते. या अलंकारावर एक संपूर्ण चित्रपटमाला उभी राहू शकते, हे पिक्सार या अमेरिकी संस्थेने दाखवून दिले. पीट डॉक्टर दिग्दर्शित 'इनसाइड आऊट' २०१५ मध्ये प्रदर्शित झाला व त्यास सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. केल्सी मान दिग्दर्शित दुसरा भाग २०२४ मध्ये आला आणि त्या वर्षी जगात सर्वाधिक उत्पन्न मिळविणारा चित्रपट ठरला. रायली या मुलीच्या मनात जॉय (आनंद), सॅडनेस (खिन्नता), अँगर (राग), फिअर (भीती) व डिसगस्ट (किळस) ही पाच पात्रे वास करतात व एका नियंत्रण-फलकावरून तिचे वर्तन चालवितात, ही या मालेची मूळ कल्पना होय.

ही कल्पना नवीन म्हणून सर्वत्र वाखाणली गेली. तथापि मराठी वाचकाच्या दृष्टीने भावनांना देह व वाणी देण्याची रीत नवीन नाही. नवीन आहे ते या मालेत दुःखाला मिळालेले स्थान. मराठी परंपरेत या स्थानाला आधार आहे काय, असल्यास तो कोठे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

षड्रिपूंची परंपरा

भावनांना पात्ररूप देणारी भारतीय नाट्यकृती म्हणून कृष्णमिश्राच्या अकराव्या शतकातील 'प्रबोधचंद्रोदय' या संस्कृत नाटकाचा उल्लेख प्रथम करावा लागतो. त्यात मनाला प्रवृत्ती व निवृत्ती अशा दोन भार्या असून एकीच्या वंशात महामोह व दुसरीच्या वंशात विवेक जन्मतो. काम, क्रोध, लोभ, दंभ, अहंकार ही महामोहाच्या पक्षातील पात्रे होत. नाटकाचा शेवट विवेकपक्षाच्या विजयाने होतो. या नाटकाचा मराठी अनुवाद १८५१ साली प्रसिद्ध झाला. मुद्रित मराठी नाट्यवाङ्मयाच्या अगदी आरंभकाळी भावनांच्या युद्धाचे हे नाटक उभे आहे, ही बाब लक्षणीय आहे.

संतवाङ्मयातही हीच दृष्टी आढळते. एकनाथांच्या विंचवाच्या भारुडात काम-क्रोध हा विंचू होतो आणि त्याच्या विषावर उतारा शोधावा लागतो. रामदासांच्या २०५ 'मनाच्या श्लोकां'त मनाला सज्जन मानून प्रेमाने समजाविले आहे. परंतु त्या समजावणीचा मोठा भाग कोणते विकार टाकावेत हे सांगण्यातच खर्च झाला आहे. काम, क्रोध, लोभ, मोह, मद व मत्सर या सहांना मिळालेले 'रिपू' हे नावच पुरेसे बोलके आहे. भावना म्हणजे शत्रू, व शत्रूला जिंकावयाचे असते, ही शिकवण मराठी घरात व शाळेत खोलवर रुजली आहे.

या दृष्टीमागे एक गंभीर नैतिक हेतू होता, हे नाकारता येणार नाही. मात्र ती मोठ्यांसाठी सांगितलेली साधना होती. तिचे रूपांतर लहान मुलाला 'रडू नकोस' असे सांगण्यात झाले, तेव्हा त्यातील साधना गळाली व केवळ मनाई उरली. पहिल्या चित्रपटात घर बदलल्यानंतरच्या अडचणीच्या दिवसांत रायलीची आई तिला हसतमुख राहण्याची विनंती करते. तिचा हेतू वाईट नाही, पण चित्रपटातील पुढील संकटाचे मूळ या प्रेमळ विनंतीत आहे. मराठी प्रेक्षकाला हा प्रसंग परका वाटण्याचे कारण नाही.

स्थायी व व्यभिचारी भाव

भारतीय विचारात भावनांकडे पाहण्याची दुसरीही दृष्टी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा व विस्मय हे आठ स्थायी भाव सांगितले आहेत. येथे शोक व भय हे शत्रू नाहीत. त्यांच्यावाचून करुण व भयानक रस संभवत नाहीत. चित्रपटाच्या निर्मितीत पॉल एकमन व डॅकर केल्टनर या मानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेतला गेला होता. एकमन यांच्या मूलभूत भावनांतील आश्चर्य भीतीच्या जवळचे वाटल्याने चित्रपटातून वगळले गेले. भरताने मात्र विस्मयाला स्वतंत्र स्थान देऊन त्यावर अद्भुत रस उभा केला.

दुसऱ्या भागाच्या बाबतीत ही तुलना अधिक उपयुक्त ठरते. रायली तेरा वर्षांची होताच तिच्या मनात चिंता, मत्सर, संकोच व कंटाळा ही नवी पात्रे येतात. गतकाळाची ओढ ही वृद्धा मध्येच डोकावते व तिची वेळ अद्याप आली नाही म्हणून परत पाठविली जाते. भरताच्या तेहतीस व्यभिचारी भावांच्या यादीत चिंता, असूया, व्रीडा, आलस्य व स्मृती ही नावे आहेत. कंटाळा व आलस्य किंवा गतकाळाची ओढ व स्मृती यांचे अर्थ तंतोतंत जुळत नाहीत. हर्षाला तर भरताने व्यभिचारी भावांतच बसविले आहे, तर चित्रपटात आनंद ही प्रमुख नायिका आहे. तरीही पहिल्या भागातील मूळ भावना व दुसऱ्या भागातील नवागत यांच्यातील भेद समजून घेण्यास ही विभागणी मदत करते.

स्थायी भाव राजासारखा व इतर भाव त्याच्या परिवारासारखे, असे भरताने म्हटले आहे. दुसऱ्या भागाचे कथानक म्हणजे परिवारातील एकाने सिंहासन बळकाविण्याची कथा होय. चिंता ही रायलीचे भले करण्यासाठीच येते, पण जुन्या भावनांना कोंडून फलकाचा ताबा घेते. परिणामी 'मी चांगली आहे' या रायलीच्या आत्मप्रत्ययाची जागा 'मी पुरेशी चांगली नाही' हा प्रत्यय घेतो. शेवटी चिंतेला हाकलून दिले जात नाही. तिला बसावयास स्वतंत्र खुर्ची मिळते. संचारी भावाने संचार करावा, ठाण मांडू नये, हा जुना विचार येथे बालकाला कळेल अशा रीतीने मांडला गेला आहे.

याच भागात हॉकीच्या सामन्यात शिक्षा म्हणून बाकावर बसलेल्या रायलीला भयाचा तीव्र झटका येतो. बाकाचा स्पर्श व स्वतःचा श्वास यांच्या भानातून ती सावरते. मनाच्या उपद्रवावर शरीराच्या मार्गाने उपाय शोधण्याची ही दिशा लोणावळा परिसराला अपरिचित नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली येथे कैवल्यधाम स्थापन केले व योगक्रियांचा शरीरावरील परिणाम प्रयोगशाळेत तपासण्याचे कार्य 'योग मीमांसा' या नियतकालिकातून प्रसिद्ध केले.

शोकाचा सांगाती

पहिल्या चित्रपटाचा कलात्मक कळस बिंगबाँग या रायलीच्या काल्पनिक सवंगड्याच्या प्रसंगात आहे. त्याची लाडकी गाडी नष्ट होते. जॉय त्याला हसविण्याचा प्रयत्न करते, तो निष्फळ ठरतो. सॅडनेस मात्र त्याच्याजवळ बसते, त्याचे काय हरवले ते बोलून दाखविते व ऐकत राहते. तो रडतो आणि मग उठून चालू लागतो. येथे उपदेश नाही, उताराही नाही. केवळ शेजारी बसणे आहे.

दुःखाशेजारी बसण्याची ही रीत मराठीत शोधावयाची तर ती ग्रंथांपेक्षा जात्यावर सापडते. हेमा राईरकर व गी पॉइट्वाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या मुळशी-मावळ या डोंगरी पट्ट्यातील गावांतून व पुढे महाराष्ट्रभरातून जात्यावरील ओव्या संकलित केल्या. या संकलनाची संख्या एक लाखाहून अधिक आहे. पहाटे दळताना स्त्री जात्याला देव मानून, सखा मानून बोलते. सासुरवास, दुरावलेले माहेर, भावाची वाट पाहणे हे तिचे विषय आहेत. चित्रपटात भावनेला मनाच्या आत देह मिळतो, तर ओवीत दुःख ऐकणारा बाहेर, दगडाच्या रूपात भेटतो. दोहोंचे कार्य एकच आहे. दुःखाला जिंकावयाचे नसून ते कोणी तरी ऐकावयाचे आहे.

रायलीचे दुःखही मूलतः सुटलेल्या घराचे दुःख आहे. मिनेसोटा सोडून सॅन फ्रान्सिस्कोला आलेली ही अकरा वर्षांची मुलगी अखेर आईवडिलांसमोर रडते, तेव्हाच त्यांच्याजवळ येते. त्या क्षणी तयार होणारी स्मृती आनंद व खिन्नता या दोन्हींच्या रंगांची असते.

मालेच्या मर्यादा

ओवीशी केलेली ही तुलना चित्रपटाची उणीवही दाखविते. ओवीतील स्त्रीला आपल्या दुःखाचे कारण ठाऊक आहे व ती ते नाव घेऊन सांगते. सासर, दारिद्र्य, कष्ट ही कारणे मनाबाहेरची आहेत. चित्रपटात मात्र सारा संघर्ष नियंत्रण-फलकाभोवती फिरतो. वडिलांचा व्यवसाय, स्थलांतर, क्रीडास्पर्धेतील निवडीचा दबाव या बाबी केवळ निमित्तमात्र राहतात. भावनांचे व्यवस्थापन साधले की प्रश्न सुटला, असा समज यातून होऊ शकतो.

दुसरी मर्यादा भाषांतराची आहे. जपानी आवृत्तीत रायलीला न आवडणाऱ्या ब्रोकोलीच्या जागी हिरवी ढोबळी मिरची दाखविली गेली. किळस सर्वत्र असली तरी तिचा विषय प्रदेशपरत्वे बदलतो, हे निर्मात्यांनीच मान्य केले. मराठीत कारल्याचा विचार सहज सुचेल. व्याकरणिक लिंगाचा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे. चित्रपटात जॉय स्त्री व फिअर पुरुष आहे. मराठीत आनंद पुल्लिंगी व भीती स्त्रीलिंगी. 'प्रबोधचंद्रोदया'त शब्दांच्या लिंगानुसार विवेक राजा व मती त्याची राणी झाली. मराठी रूपांतरकाराला 'आनंदी' या परिचित स्त्रीनामाचा आधार घेता येईल, पण भीतीसाठी नवी युक्ती शोधावी लागेल. दुसऱ्या भागाच्या हिंदी आवृत्तीत रायलीला अनन्या पांडे यांनी आवाज दिला. मराठी बालकाला आपल्या भावनांची ही पात्रे इंग्रजी वा हिंदी नावांनीच भेटतात.

समारोप

भावनांविषयी बोलण्याच्या तीन रीती मराठी वाचकाच्या वारशात आहेत : रिपू म्हणून जिंकणे, भाव म्हणून आस्वादणे आणि सांगात्याजवळ बोलून दाखविणे. बालशिक्षणात पहिलीचाच वापर अधिक झाला. 'इनसाइड आऊट' मालेचे महत्त्व तिने परकी दृष्टी आणली यात नसून विस्मरणात गेलेल्या दोन रीतींची आठवण करून दिली यात आहे. जाते घराघरांतून गेले आणि त्याबरोबर दुःख ऐकणारी एक जागाही गेली. वर्गात वा घरात एखादे मूल अबोल झाले असता त्याला हसविण्याची घाई न करता त्याच्याजवळ थोडा वेळ बसणे, ही त्या जागेची भरपाई ठरू शकेल. शिक्षक व पालक यांनी या मालेकडे केवळ करमणूक म्हणून न पाहता या दृष्टीने पाहणे उचित होईल.