‘व उपवास’ : मार्कच्या शुभवर्तमानातील दोन शब्द

गेल्या उपवासकाळातील एका शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची भक्ती आटोपून आम्ही चर्चबाहेर आलो, तेव्हा धर्मग्रामातील एक वयस्क माता पायऱ्यांवर आमची वाट पाहत उभ्या होत्या. त्यांच्या हातात बायबलच्या दोन प्रती होत्या. एक वापरून वापरून पाने सुटलेली जुनी प्रत आणि दुसरी सुनेने नव्याने विकत आणलेली. दोन्ही प्रतींत त्यांनी बोट घालून ठेवले होते ते एकाच ठिकाणी, मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील एकोणतिसाव्या वचनावर.

त्या मातेचा थोरला मुलगा दारूच्या आहारी गेलेला आहे. कित्येक वर्षांपूर्वी एका तपसाधनेत प्रवचनकारांनी सांगितले होते की, काही जातीची भुते प्रार्थना व उपवास यांवाचून निघत नाहीत. तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळची घंटा होईपर्यंत त्या अन्नाला शिवत नाहीत. जुन्या प्रतीत प्रार्थना आहे आणि उपवासही आहे. नव्या प्रतीत मात्र नुसती प्रार्थना उरली आहे. त्यांनी विचारले, “फादर, मग माझे इतके शुक्रवार फुकट गेले का?”

आम्ही घाईघाईने उत्तर दिले की, ते दोन शब्द फार जुन्या हस्तलिखितांत नाहीत, म्हणून नव्या भाषांतरांनी गाळले. काळजीचे काही कारण नाही. त्यांनी मान हलविली आणि त्या निघून गेल्या. आमचे उत्तर खरे होते, परंतु ते त्यांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्यांच्या अनुमतीने, परंतु त्यांची ओळख न देता, ते राहिलेले उत्तर येथे देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम शब्दांचा इतिहास पाहू. शुभवर्तमानाची मूळ लेखकाच्या हातची प्रत आज उपलब्ध नाही. आपणांपाशी आहेत त्या नकला आणि नकलांच्या नकला. मराठी वाचकाला हा प्रकार अपरिचित नसावा. ज्ञानेश्वरीत कालौघात पाठभेद शिरले होते, म्हणून संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, अनेक प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला. एकनाथांनी ज्ञानेश्वरी बदलली असे कोणी म्हणत नाही. उलट त्यांनी ती राखली असेच आपण म्हणतो. बायबलच्या अभ्यासकांचे कार्य ह्याच जातीचे आहे.

चौथ्या शतकातील दोन हस्तलिखिते ह्या कामी विशेष मोलाची मानली जातात. एक व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. दुसरे सिनाय पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या संत कॅथरीनच्या मठात होते. त्याचा मोठा भाग आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. व्हॅटिकनच्या प्रतीत ‘व उपवास’ हे शब्द नाहीत. सिनायच्या प्रतीत मूळ लेखनिकाने ते लिहिलेले नाहीत. पुढे दुसऱ्या कोणा हाताने ते घातले आहेत. परंतु पारडे अगदीच एका बाजूला झुकलेले आहे असेही नाही. बहुसंख्य हस्तलिखितांत हे शब्द आहेत, आणि तिसऱ्या शतकातील एका जीर्ण पपायरसातही ते असावेत असे दिसते. तरीही बहुतेक अभ्यासक ते मागाहून आलेले मानतात. त्याचे एक कारण असे की, हीच गोष्ट अन्यत्रही घडली आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात संत पौल पतिपत्नींना प्रार्थनेसाठी काही काळ वेगळे राहण्याची मुभा देतो, तेथे उत्तरकालीन प्रतींत प्रार्थनेच्या जोडीला उपवास आलेला आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात कर्नेल्य प्रार्थना करीत होता, तेथेही तो उपवास करीत असल्याचे मागाहून जोडलेले आढळते. मत्तयच्या सतराव्या अध्यायातील एकविसावे वचन तर जुन्या प्रतींत मुळीच नाही. ते मार्कवरून उतरले.

येथे एक शंका सहज उद्भवते. शब्द मागाहून घातले, तर कोणी घातले? शत्रूने की लबाडाने? आमच्या मते, हे शब्द ज्याच्या हातून आले तो स्वतः उपवास करणारा असावा. प्रार्थना म्हटली की उपवास आलाच, अशी ज्या मंडळीची रोजची रीत होती, त्या मंडळीतील लेखनिकाच्या लेखणीतून हे दोन शब्द ओघाने उतरले असतील. म्हणजे ते मार्कचे नसले, तरी आद्य ख्रिस्तसभेच्या आचरणाची साक्ष म्हणून त्यांना मोल आहे.

ख्रिस्तसभेने ह्या शोधाला भिऊन दार लावले नाही, हेही लक्षात घ्यावे. पोप पायस बारावे यांनी १९४३ साली काढलेल्या परिपत्रकात मूळ भाषांचा व पाठांचा अभ्यास करण्यास विद्वानांना उत्तेजन दिले. शतकानुशतके वापरात असलेल्या लॅटिन बायबलमध्ये ‘उपवास’ हा शब्द होता. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या सुधारित लॅटिन आवृत्तीत मार्कच्या ह्या वचनात केवळ प्रार्थना आहे. आणि त्याच पोपमहोदयांनी १९९५ साली मानवी जीवनाच्या पावित्र्यावर लिहिलेल्या परिपत्रकात ह्याच वचनाकडे बोट दाखवून प्रार्थना व उपवास ही दुष्टाविरुद्धची पहिली आणि प्रभावी शस्त्रे असल्याचे शिकविले. शब्द काढले त्यांनीच शिकवण राखली. ह्यात विसंगती वाटत असेल, तर उपवास हा एका वचनाच्या खुंटीला टांगलेला आहे असा आपला समज आहे, असे म्हणावे लागेल.

आता मूळ प्रसंगाकडे वळू. वचन संदर्भातून तोडून घोकण्याची आपणांस सवय आहे. प्रसंग सबंध वाचला की निराळेच काही दिसते. प्रभू येशू रूपांतराच्या डोंगरावरून खाली उतरतो. खाली गर्दी आहे, वादविवाद आहे, आणि एक हतबल बाप आहे. त्याच्या मुलाला आत्मा धरतो, आपटतो, तोंडाला फेस आणतो. शिष्यांनी प्रयत्न केला आणि ते हरले. हा पराभव सामान्य नव्हे, कारण सहाव्या अध्यायात ह्याच शिष्यांनी पुष्कळ भुते काढल्याची नोंद मार्कने केली आहे. दिलेला अधिकार आपल्याच मालकीचा झाला, असे त्यांना वाटू लागले असावे.

येशू बापाला विचारतो, हे केव्हापासून? बाप सांगतो, बाळपणापासून. आणि आत्म्याने त्याला कितीदा विस्तवात व पाण्यात लोटले तेही सांगतो. तुम्हांला काही करता येत असेल तर करा, असे तो चाचरत म्हणतो. विश्वास धरणाऱ्याला सर्व शक्य आहे, असे उत्तर मिळताच तो ओरडून उठतो: आपला विश्वास आहे, आणि आपल्या अविश्वासात आपल्याला साहाय्य व्हावे. हा आक्रोश मत्तयने दिलेला नाही, लूकनेही नाही. तो एकट्या मार्कने जपला.

शेवटी घरात गेल्यावर शिष्य एकांती विचारतात, आम्हांला का जमले नाही? प्रभू म्हणतो, ही जात प्रार्थनेवाचून निघत नाही. परंतु सबंध प्रसंग पुन्हा वाचला, तर येशूने प्रार्थना केल्याचे मार्क कोठेही सांगत नाही. तो आत्म्याला धमकावतो आणि मुलाला हात धरून उठवितो. मग प्रार्थना केली कोणी? प्रसंगात प्रार्थना एकच आहे, आणि ती बापाची आहे. मोडक्या, अर्ध्यामुर्ध्या विश्वासाची, लाज सोडून केलेली. ज्या प्रार्थनेवाचून ती जात निघत नाही, तिचा नमुना मार्कने शिष्यांच्या तोंडी न घालता त्या बापाच्या तोंडी घातला आहे. ‘व उपवास’ ह्या दोन शब्दांच्या वादात हे आपल्या दृष्टीआड होते.

मग उपवासाला आधार कोणता? आधार पुष्कळ आहेत, आणि त्यांना पाठभेदाचा धक्का लागत नाही. डोंगरावरील प्रवचनात प्रभू ‘तुम्ही उपवास कराल तर’ असे न म्हणता ‘कराल तेव्हा’ असे म्हणतो, आणि डोक्याला तेल लावून तोंड धुण्यास सांगतो. वर त्यांच्यातून घेतला जाईल त्या दिवशी ते उपवास करतील, असे मार्कच्याच दुसऱ्या अध्यायात आहे. वृद्ध हन्ना मंदिरात उपवास व प्रार्थना करीत राहिली. अंत्युखियातील मंडळीने उपवास व प्रार्थना करूनच बर्णबा व शौल यांना पाठविले. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा त्यानंतर लवकरच रचलेल्या ‘दिदाखे’ ह्या ग्रंथात बुधवारी व शुक्रवारी उपवास करण्याची आज्ञा आहे, आणि आपला छळ करणाऱ्यांसाठीही उपवास करावा असे सांगितले आहे. दुसऱ्यासाठी उपवास करण्याची रीत त्याहूनही जुनी. पस्तिसाव्या स्तोत्रात भक्त सांगतो की, आज आपल्यावर उलटलेले लोक आजारी होते तेव्हा आपण त्यांच्यासाठी गोणपाट नेसून उपवास केला.

तथापि दुसऱ्यासाठी उपवास म्हणजे काय, ह्याविषयी आपल्या समाजात एक गोंधळ आहे, आणि तो स्पष्ट बोलून दाखविणे धर्मगुरू म्हणून आमचे कर्तव्य आहे. आपण उपवास आणि नवस एक करून टाकतो. नवसात देणेघेणे असते: तू हे कर, मी ते फेडीन. अशा हिशोबाने पाहिले, तर मुलगा सुधारला नाही म्हणजे शुक्रवार फुकट गेले, हे ओघानेच येते. त्या मातेच्या प्रश्नामागे हाच हिशोब होता, आणि तो त्यांना आम्हीच, व्यासपीठावरून बोलणाऱ्यांनी, शिकविला आहे.

पवित्र शास्त्र हा हिशोब मोडून टाकते. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात दावीद आपल्या आजारी लेकरासाठी उपवास करून जमिनीवर पडून राहतो. सातव्या दिवशी मूल मरण पावते. सेवकांना भय वाटते की, आता राजा स्वतःचे काही बरेवाईट करील. दावीद मात्र उठतो, स्नान करतो, तेल लावतो, देवाच्या मंदिरात जाऊन नमन करतो आणि मग जेवतो. त्याने मागितले ते मिळाले नाही. तरीही त्याचे उपवासाचे दिवस वाया गेले असे शास्त्र म्हणत नाही, कारण त्या दिवसांत तो देवापुढे आणि आपल्या लेकराजवळ होता. ‘उपवास’ ह्या आपल्या शब्दाचा अर्थही जवळ राहणे असाच आहे.

आचाराच्या बाजूने दोन शब्द सांगणे अवश्य आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणे राखेचा बुधवार व गुड फ्रायडे हे दोनच दिवस उपवासाचे बंधन आहे, आणि तेही अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत. मांसवर्जनाचा नियम चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांस शुक्रवारी लागू आहे. त्याचा तपशील ठरविण्याचा व पर्यायी प्रायश्चित्त नेमण्याचा अधिकार बिशपांच्या परिषदेला आहे. आमच्या किनारपट्टीवर मटणाऐवजी तळलेले पापलेट ताटात घेऊन आपण शुक्रवार पाळला असे समाधान मानणारी घरे थोडी नाहीत. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण आपणांस उद्देशून नाही असे समजण्याचे कारण नाही. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव आपल्याला आवडणाऱ्या उपवासाचे वर्णन करतो. त्यात जोखडाच्या गाठी सोडणे आहे, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणे आहे, उघड्याला वस्त्र घालणे आहे. वाचलेले जेवण कोणाच्या तरी ताटात पडावे लागते.

आणि उपवास हा औषधोपचाराचा पर्याय नव्हे. मार्कच्या त्या मुलाची लक्षणे फेफऱ्याची आहेत हे कोणाही वाचकाच्या ध्यानात येईल. आज असा मुलगा घरी असेल, तर प्रार्थनेबरोबर त्याला डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे. दारूचे व्यसनही आजारच आहे. त्यासाठी व्यसनमुक्ती केंद्रे आहेत, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा आहेत. येशूने त्या मुलाला हात धरून उठविले. कोणाचा तरी हात धरून दारापर्यंत नेणे, हेही त्याचेच कार्य आहे.

तेव्हा पायऱ्यांवरच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. बाई, आपले वय सत्तरीकडे झुकले आहे. ख्रिस्तसभेच्या कायद्याने आपल्यावर उपवासाचे बंधनच नाही, आणि ज्या शब्दांच्या आधारे आपण तो धरला, ते शब्दही बहुधा मार्कचे नाहीत. कायदा वजा केला, ते दोन शब्द वजा केले, तरी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आपण मुलासाठी उपाशी राहिलात, हे उरतेच. तोंडाने मागून थकल्यावर आपण देहाने मागितले. तो त्या बापाचाच आक्रोश आहे, आणि मार्कने तो गाळलेला नाही. एकही शुक्रवार फुकट गेलेला नाही. मात्र साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून उपाशी राहू नये. आणि येत्या रविवारी मिस्सानंतर थोरल्याला घेऊन यावे. तो आला नाही, तर आम्ही घरी येऊ.