आवाज नवा, साचा जुना

लिंकिन पार्क या बँडचा 'फ्रॉम झीरो' हा अल्बम २०२४च्या नोव्हेंबरात आला, आणि अजूनही तो लावला की मला राग येतो. चर्चा मात्र एकाच प्रश्नाची: दिवंगत गायक चेस्टर बेनिंग्टनची जागा नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँग भरून काढते का? गाते ती जबरदस्तच. 'हेवी इज द क्राउन'मधल्या तिच्या लांबलचक किंकाळीने अंगावर काटा येतो. पण चेस्टरने २००७मध्ये 'गिव्हन अप'मध्ये फोडलेल्या किंकाळीचाच हिशेब तिथे मांडलेला आहे. गिटारची धडक, बँडमधल्या शिनोडाचं रॅप, डीजे हानचे स्क्रॅच, मग कोरस. सगळी रचना 'मेटिओरा' या जुन्या अल्बमच्या काळातली. याच लोकांनी २०१०मध्ये, चेस्टर असताना, 'अ थाउजंड सन्स'मध्ये गिटार मागे सारून सिंथेसायझर आणि सॅम्पल्सवर अख्खा अल्बम उभा केला होता. गायक तोच असताना ज्यांनी सगळं बदललं, त्यांनी गायक बदलल्यावर काहीच बदललं नाही!

यंत्रांवर चालणाऱ्या बँडला गायक बदलणं ही केवढी मोठी संधी असते, हे न्यू ऑर्डरने दाखवून दिलं. १८ मे १९८० रोजी त्यांचा गायक इअन कर्टिस गेला आणि उरलेल्यांनी जॉय डिव्हिजन हे आधीचं नावही सोडलं. तरी १९८१चा 'मूव्हमेंट' हा अल्बम अडखळलाच: उरलेल्यांपैकी समनर आणि हूक कर्टिसच्या सावलीत गातात, आणि निर्माता मार्टिन हॅनेटने भोवती तीच थंड पोकळी उभी केलेली. सोडवणूक केली ती यंत्रांनी आणि न्यूयॉर्कच्या क्लबांमधल्या नृत्यसंगीताने. १९८३चं 'ब्लू मंडे' ऐका. साडेसात मिनिटांच्या गाण्यात ओबरहाइम डीएमएक्स या ड्रम मशीनचा ठोका आधी सगळी जमीन ताब्यात घेतो. समनर गायला लागतो तो दोन मिनिटं उलटून गेल्यावर. पातळ, कोरडा आवाज, कर्टिसच्या खर्जाच्या आसपासही न फिरकणारा. हूकचा बास वरच्या पट्टीत चढून धून सांभाळतो, गिलियन गिल्बर्टच्या सिंथेसायझरमुळे गाण्याला खोली येते, आणि त्या गर्दीत समनरचा कोरडेपणा काळजाला भिडतो. आहे त्या गळ्याला शोभेल असं संगीत या मंडळींनी घडवलं.

गायक जॉन फॉक्स बँड सोडून गेल्यावर अल्ट्राव्हॉक्सने मिज यूरला आणलं, तरी १९८०च्या 'व्हिएन्ना' या अल्बमची मूळ ब्रिटिश आवृत्ती सुरू होते 'ॲस्ट्राडाइन'ने: सात मिनिटं, एक शब्द नाही. हा आत्मविश्वास! मॅसिव्ह अटॅकने तर 'ब्लू लाइन्स'मध्ये शारा नेल्सन, 'प्रोटेक्शन'मध्ये ट्रेसी थॉर्न, 'मेझनीन'मध्ये एलिझाबेथ फ्रेझर असा दर वेळी वेगळा गळा घेऊन आपला आवाज पालटला. जुन्या गायकाची गाणी नव्याकडून म्हणवून घेत फिरणारे रॉक बँड इथे विचारातच घेऊ नयेत.

श्रोत्यांचा शोक खरा आहे, त्यांना चेस्टरची गाणी हवीत, असं मला सांगितलं जातं. मग ती मैफलीत गावीत, हजारोंनी सोबत म्हणावीत. नवा अल्बम कशासाठी त्या शोकाच्या दावणीला बांधायचा? आर्मस्ट्राँगचा आवाज खरखरीत आहे, हळू गातानाही त्यात धार राहते, आणि तिला अनेकदा कोरसपुरतं बोलावलं जातं. हा तिच्यावर अन्याय आहे. चेस्टरवरही आहे, कारण त्याचा गळा म्हणजे कुणीही भरावा असा रिकामा रकाना नव्हता. शिनोडाला संगीत रचता येतं, 'अ थाउजंड सन्स' त्याचा पुरावा आहे. पुढच्या अल्बममध्ये त्याने या बाईला आणखी अख्खी गाणी द्यावीत, तिच्या पट्टीत, तिच्या श्वासाच्या लांबीने. आणि त्यासाठी 'मेटिओरा'चा साचा फोडावा लागला तर फोडावा.